कुंडीतले कॅमोमाइल : चहा की औषध?

दिवाळी आटोपली की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या बाल्कन्यांमध्ये कुंड्यांची फेरमांडणी सुरू होते. पावसाने सडलेली रोपे उपटली जातात, माती उलथून उन्हात पसरली जाते आणि थंडीच्या फुलांचे बियाणे घरात येते. शेवंती, झेंडू, पिटुनिया यांच्या जोडीला अलीकडे एक नवे नाव कानावर येऊ लागले आहे. ते म्हणजे कॅमोमाइल. आधी ते चहाच्या महागड्या पाकिटांवर दिसले, आता ते कुंडीत हवे आहे. का, असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘त्याने छान झोप लागते म्हणे.’

या उत्तरातल्या ‘म्हणे’चा विचार करायला हवा, कारण झोप हा या पट्ट्यातला चेष्टेचा विषय नाही. पहाटे गजर, खचाखच भरलेली लोकल, दिवसभराचे काम, पुन्हा तीच लोकल आणि रात्री उशिराचे जेवण, अशी ज्यांची वर्षानुवर्षांची दिनचर्या आहे त्यांना निवांत झोपेचे आमिष कोणीही दाखवू शकतो. एखादे फूल उकळत्या पाण्यात टाकून तो प्रश्न सुटत असेल तर कोणाला नको आहे?

कॅमोमाइल लावण्याला हरकत घेण्याचे काहीच कारण नाही. रोप देखणे आहे, फुलांना सफरचंदासारखा मंद सुवास असतो आणि स्वतः वाढवलेल्या फुलांचा कप हातात घेण्याचे समाधान वेगळेच. प्रश्न उभा राहतो तो हा कप ‘औषध’ होतो तेव्हा. पेय म्हणून प्यायचे असेल तर खुशाल प्यावे. पण औषध म्हणून घ्यायचे असेल, तर औषधाला लावतो तेच चार नियम त्यालाही लावावे लागतील. ओळख पक्की हवी, मात्रा ठरलेली हवी, इतर औषधांशी त्याचे जमते की नाही हे तपासलेले हवे आणि आपण ते घेतो हे डॉक्टरांना ठाऊक हवे. कुंडीतून आले म्हणून यातून सूट मिळत नाही.

ओळख पक्की हवी

हे फूल आपल्याला वाटते तितके परके नाही. युनानी वैद्यकात ते ‘बाबूना’ या नावाने शतकानुशतके वापरात आहे. उत्तर भारतात लखनऊच्या परिसरात त्याची लागवड होते. केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था या लखनऊच्या सरकारी संस्थेने त्याचे वाण तयार केले आहेत आणि बुंदेलखंडातले शेतकरी ते रब्बीचे पीक म्हणून घेतात. इतर पिके जिथे मान टाकतात अशा अल्कलीयुक्त जमिनीतही ते तग धरते, हा त्याचा मोठा गुण.

‘कॅमोमाइल’ या नावाने प्रामुख्याने दोन वनस्पती ओळखल्या जातात. एक जर्मन कॅमोमाइल, म्हणजे मॅट्रिकेरिया कॅमोमिला. हे एका हंगामात उगवून, फुलून संपणारे रोप आहे. दुसरे रोमन कॅमोमाइल, ते जमिनीलगत पसरते आणि अनेक वर्षे टिकते. चहासाठी आणि संशोधनात बहुतेक वेळा वापरले जाते ते जर्मन. त्याची पाने बडीशेपेच्या पाल्यासारखी दोऱ्याइतकी बारीक असतात. फुलाला भोवती पांढऱ्या पाकळ्यांचे कडे आणि मध्ये पिवळा उंचवटा असतो. फूल जसे मुरते तसा हा उंचवटा शंकूसारखा वर येतो आणि पाकळ्या खाली झुकतात. खात्री करून घ्यायची असेल तर पिवळा भाग पात्याने उभा चिरून पाहावा. जर्मन कॅमोमाइलमध्ये तो आतून पोकळ असतो.

ही खात्री कशासाठी करायची? कारण फुलबाजारात आणि रोपवाटिकांमध्ये ‘मॅट्रिकेरिया’ या नावाने पुष्कळदा फीवरफ्यू ही वेगळीच वनस्पती विकली जाते. तिची फुले छोटी, पांढरी-पिवळी आणि पहिल्या नजरेला तशीच दिसतात. पण तिची पाने रुंद व खाचेदार असतात आणि वास कडवट, उग्र असतो. या वनस्पतीचा रक्त गोठण्याच्या प्रक्रियेवर परिणाम होऊ शकतो आणि गरोदरपणात ती वर्ज्य आहे. शोभेसाठी ती उत्तम, पण कपात टाकण्यासाठी नव्हे.

दुसरा तोतया अधिक जवळचा आहे. कल्याण-डोंबिवलीत रेल्वेमार्गाच्या कडेला, मोकळ्या भूखंडांवर, बांधकामाच्या ढिगाऱ्यांवर जे बारीक पांढऱ्या फुलांचे तण माजते, ते गाजरगवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५०च्या दशकाच्या मध्यास ते पुण्यात ठळकपणे नोंदले गेले आणि मग देशभर पसरले. विकत आणलेल्या मातीतून त्याचे बी कुंडीत सहज येते आणि कातरलेल्या पानांचे कोवळे रोप नवख्या माणसाला चकवू शकते. त्याचे फूल मात्र जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे असते. कॅमोमाइलच्या फुलाचा घेर साधारण दोन सेंटिमीटर भरतो.

गाजरगवताचा संबंध इथे संपत नाही. गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि कॅमोमाइल ही सगळी एकाच कुळातली भावंडे. गाजरगवताच्या संपर्काने ज्यांच्या मानेवर, चेहऱ्यावर, कोपराच्या खोबणीत खाजरे चट्टे उठतात, त्यांची त्वचा या कुळातल्या इतर वनस्पतींवरही चिडू शकते. अशा व्यक्तीने कॅमोमाइलची फुले उघड्या हातांनी खुडणे, त्याचा लेप लावणे किंवा चहा पिणे हे प्रयोग स्वतःहून करू नयेत. क्वचित प्रसंगी या चहाने ओठ-घसा सुजण्यापर्यंतची तीव्र अॅलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्या जिल्ह्यात गाजरगवत पावलोपावली आहे, तिथे ही सूचना तळटीप म्हणून देऊन भागणार नाही.

कुंडीचे वेळापत्रक आणि दोन खबरदाऱ्या

लखनऊच्या थंडीत हे पीक महिनोन्महिने रमते. आपल्याकडची थंडी मात्र पाहुण्यासारखी येते आणि जाते. म्हणून पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. बी अतिशय बारीक असते, एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक. ते वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे आणि हलक्या हाताने दाबावे. वर माती लोटू नये, कारण ते रुजायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्याने द्यावे. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवी लव दिसू लागते, मग विरळणी करून आठ-दहा इंची कुंडीत तीन-चारच रोपे ठेवावीत. निचरा चांगला हवा. बागेची माती, वाळू आणि मुरलेले कंपोस्ट समप्रमाणात घेतले तरी पुरते. खताचा मारा केला तर पाला वाढतो आणि फुले रुसतात. सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळाले तर जानेवारीत फुले लागतात. मार्चच्या झळा सुरू झाल्या की रोप वाळायला लागते. कल्याणच्या पुढे हे थोडे आधीच होते. तो आपला दोष समजू नये, त्याचे आयुष्यच तेवढे.

पाकळ्या आडव्या, पूर्ण पसरलेल्या असताना फूल खुडावे. सकाळचे दव सुकल्यावर खुडणे चांगले. फुले सावलीत, पातळ कापडावर एका थरात वाळवावीत. फुले चुरचुरीत वाळल्याशिवाय बरणीत भरली, तर खाडीकडच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. बुरशीचा वास येणारी, काळवंडलेली फुले टाकून द्यावीत. उकळल्याने बुरशीची सगळी विषे जात नाहीत.

आता दोन खबरदाऱ्या. पहिली पाण्याची. कॅमोमाइलच्या पेरणीचा काळ आणि आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण वाढण्याचा काळ जवळजवळ एकच असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात आणि ताटली कोरडी पडली तरी कडेला चिकटलेली अंडी महिनोन्महिने तग धरतात. म्हणून ताटलीतले पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा ती घासून, उन्हात वाळवायला हवी. शांत झोपेसाठी लावलेल्या कुंडीने शेजारच्या मुलाला तापाने फणफणवले तर त्या हिरवाईला काय अर्थ?

दुसरी खबरदारी मातीची. कॅमोमाइल मातीतले कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. ज्या गुणामुळे ते खराब जमिनीत तग धरते, तो तिथेच आपल्या अंगाशी येऊ शकतो. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातली किंवा वालधुनीच्या काठची माती, महामार्गाच्या कडेचा भराव, जुन्या इमारतीच्या रंगाचे पोपडे मिसळलेला राडारोडा, यांपैकी काहीही खाण्यापिण्याच्या वनस्पतीसाठी वापरू नये. माती कुठून आली हे विक्रेत्याला विचारण्यात संकोच कसला? शोभेच्या रोपांवर रोपवाटिकेत कीटकनाशके मारलेली असतात, म्हणून चहासाठी फुले हवी असतील तर तयार फुललेले रोप आणण्यापेक्षा बियांपासून वाढवलेले बरे. मावा आलाच तर पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुऊन काढावा.

मात्रा ठरलेली हवी

युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने जर्मन कॅमोमाइलच्या वापराची रूपरेषा ठरवून दिली आहे. प्रौढांसाठी एका वेळच्या चहाला दीड ते चार ग्रॅम वाळलेली फुले सांगितली आहेत. एक वाळलेले फूल भरते ग्रॅमच्या जेमतेम तीन शतांश. म्हणजे दोन ग्रॅमच्या एका कपासाठी साठ-सत्तर फुले हवीत. बाल्कनीतल्या दोन-तीन कुंड्यांतून हंगामभरात किती कप निघतील, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच मांडून पाहावा. जे हाती येते ते पाहुण्यांसोबत चार-सहा संध्याकाळी प्यायला पुरेसे आहे. रोजच्या ‘उपचारा’ला ते पुरणार नाही. तीन-चार फुले पाण्यात तरंगताना सुंदर दिसतात, पण त्यातून झोपेच्या औषधाची अपेक्षा करणे म्हणजे हळदीचे बोट लावून जखम भरायची वाट पाहणे.

त्याच समितीची यादी आणखी एक गोष्ट सांगते. पोट फुगणे व किरकोळ मुरडा, सर्दीत वाफारा घेणे, तोंड-घशाचा सौम्य दाह, त्वचेची वरवरची जळजळ असे उपयोग तिथे नोंदले आहेत आणि तेही ‘दीर्घकालीन पारंपरिक वापर’ या आधारावर. झोपेचा उल्लेख त्या यादीत नाही.

मग झोपेची ख्याती आली कुठून? कॅमोमाइलमध्ये एपिजेनिन नावाचे एक द्रव्य असते. झोपेच्या काही गोळ्या मेंदूतील ज्या ग्राहकांवर काम करतात, त्यांच्याशी ते प्रयोगशाळेत जोडले जाते असे १९९०च्या दशकात दिसले. हा धागा खरा आहे. पण प्रयोगशाळा आणि आपली उशी यांच्यात बरेच अंतर असते. २००९मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिंताविकाराच्या ५७ रुग्णांवर आठ आठवडे चाचणी झाली. कॅमोमाइलच्या अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांची चिंता नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा काहीशी अधिक कमी झाली. पुढे २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आणि लांबलेल्या अभ्यासात चिंतेची लक्षणे सौम्य राहिली, पण विकार उलटण्याचे प्रमाण ठामपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. निद्रानाशाच्या ३४ रुग्णांवर मिशिगन विद्यापीठात झालेल्या आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८ दिवसांच्या चाचणीत तर झोपेच्या मुख्य मापांवर नकली गोळी आणि कॅमोमाइल यांत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय या चाचण्यांत प्रमाणित अर्काच्या कॅप्सूल होत्या, कुंडीतल्या फुलांचा चहा नव्हता.

तरीही काहींना रात्रीच्या कपाने बरे वाटते, हेही खोटे नाही. त्याचे एक साधे कारण अनेकदा नजरेआड होते. कॅमोमाइलमध्ये कॅफिन नसते. रात्री घरी पोहोचल्यावर दुधाचा कडक चहा घेणाऱ्याने त्याऐवजी हा कप घेतला, तर कॅफिन बंद झाल्याचा फायदा मिळणारच, कारण शरीरातले निम्मे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. त्यात कप घेऊन दहा मिनिटे बाल्कनीत शांत बसणे आले आणि तेवढा वेळ हातातला मोबाइल खाली ठेवला गेला. श्रेय फुलाला द्यावे की या सवयींना? सवयींना दिले तर तोच लाभ गवती चहाच्या किंवा बडीशेपेच्या कपानेही मिळेल. आपल्या आज्या दुधात चिमूटभर जायफळ घालून देत, त्यातही जायफळाइतकाच वाटा मायेचा आणि वेळेवर अंथरुणात शिरण्याचा होता.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही वा मध्येच मोडते आणि हे तीन महिने चालले आहे, याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार म्हणून विचार-वर्तन उपचारपद्धतीची शिफारस केली जाते, गोळीची नव्हे आणि फुलाचीही नव्हे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येणे आणि दिवसा गाडीत उभ्या उभ्या डुलकी लागणे ही झोपेतील श्वसनरोधाची लक्षणे असू शकतात. त्यात रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे आणि कशातच मन न रमणे ही नैराश्याची खूण असू शकते. थायरॉइड, मधुमेहामुळे रात्री वारंवार लघवीला उठणे, अॅसिडिटी हीही कारणे आहेत. सहा महिने कॅमोमाइल पिऊन पाहण्यात खरा तोटा होतो तो या सहा महिन्यांचा. मनाच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२पासून चालू आहे. तिचा उपयोग करावा.

इतर औषधांशी जमते का?

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य दवाखान्याच्या रांगेत हमखास ऐकू येते. धोतराही नैसर्गिक आहे आणि कण्हेरही. कॅमोमाइल त्यांच्यासारखे विषारी मुळीच नाही. निरोगी माणसाने अधूनमधून कपभर घेतल्याने बहुधा काही बिघडत नाही. पण सगळेच निरोगी नसतात.

सर्वांत मोठी काळजी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले किंवा पायाच्या शिरेत गुठळी झालेले अनेकजण वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल घेतात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या आणि तरुणपणीच शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया यांत पुष्कळ आहेत. या गोळ्यांचा तोल फार नाजूक असतो, म्हणून ‘आयएनआर’ ही रक्तचाचणी नियमित करावी लागते. बहुतेकांमध्ये ती २ ते ३च्या दरम्यान, काही झडपांत थोडी अधिक ठेवली जाते. कॅनडात वॉरफेरिनवर असलेल्या एका ७० वर्षांच्या महिलेने सर्दी-खोकल्यासाठी दिवसाला चार-पाच कप कॅमोमाइल चहा घेतला, वर त्याच वनस्पतीचे लोशनही लावले. तिच्या शरीरात अंतर्गत रक्तस्राव झाला आणि आयएनआर ७.९वर गेला होता. २००६मध्ये ही नोंद तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका रुग्णावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण ज्याचा तोल आधीच दोरीवर आहे त्याने असा प्रयोग करून पाहू नये, इतके त्यातून नक्की कळते.

झोपेच्या, अपस्माराच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये गुंगी वाढू शकते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच काढा घेऊ नये. नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी असे सर्व वनौषधी प्रयोग थांबवावेत आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगावे. गरोदरपणात रोजचा कप सुरू करू नये.

बाळांबद्दल विशेष सांगायला हवे. ‘दात येताना कॅमोमाइल द्या’ हा सल्ला पाश्चात्त्य घरांतून आपल्याकडेही पोहोचला आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे आपण अजून घुटी आणि मधाच्या बोटाबाबतही पुरते पचवलेले नाही. अर्जेंटिनातील संशोधकांना बाजारातल्या कॅमोमाइलच्या काही नमुन्यांत बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू आढळले. हे बीजाणू घरगुती उकळीने मरत नाहीत. मोठ्यांच्या पोटात ते निमूट निघून जातात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्षाखालच्या बाळाला मधही नको आणि हा चहाही नको.

आणि डोळे. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ आली, तेव्हा घरगुती पाण्यांनी डोळे धुण्याचे प्रकार पुष्कळ झाले. कॅमोमाइलच्या पाण्याने डोळे धुतल्यावर अॅलर्जीने पापण्या सुजल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकघरात कितीही गाळले तरी ते पाणी निर्जंतुक नसते. डोळ्यांत ते घालू नये.

सांगायचे कोणाला, विचारायचे कोणी?

या साऱ्याचा धडा मुंबईने अलीकडेच घेतला आहे, तो गुळवेलीच्या निमित्ताने. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी म्हणून गुळवेलीचे काढे घरोघरी सुरू झाले. सोसायटीच्या आवारातल्या झाडांवर चढलेल्या वेली उतरवून लोक कांडे उकळू लागले. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१मध्ये यकृतविकारतज्ज्ञांनी हे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात नव्हे, हे तपासलेले नाही, असा तो आक्षेप होता. २०२२मध्ये देशातील १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही असाच संबंध दिसला. वाद पुढेही चालत राहील. पण दोन्ही बाजूंनी नकळत एकच गोष्ट मान्य केली : माणसे जे उकळून पीत होती ते नेमके काय होते, किती होते आणि किती दिवस घेतले, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

कॅमोमाइल म्हणजे गुळवेल नव्हे. त्याने यकृत बिघडते असे इथे सुचवायचे नाही. साम्य आहे ते आपल्या वागण्यात. रुग्ण डॉक्टरांना गोळ्यांची यादी देतो, पण काढ्याचे नाव काढत नाही. कधी त्याला ते औषध वाटतच नाही म्हणून, कधी डॉक्टर रागावतील म्हणून. या दुसऱ्या कारणाची जबाबदारी डॉक्टरांवर आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात हे खरे, तरी ‘घरी काही काढा, चूर्ण, चहा घेता का?’ या प्रश्नाला दहा सेकंद लागतात. तो कपाळाला आठ्या न घालता विचारला तर उत्तर खरे मिळते. केसपेपरवर अॅलर्जीच्या रकान्याशेजारी या उत्तरासाठी एक ओळ छापली, तर ती एका महागड्या तपासणीइतकी उपयोगी ठरेल.

रोपवाटिकांनीही एक छोटी गोष्ट करावी. खाण्यापिण्यासाठी म्हणून जे रोप विकले जाते, त्याच्या कुंडीवर शास्त्रीय नाव लिहावे. ‘कॅमोमाइल’ किंवा ‘मॅट्रिकेरिया’ एवढे पुरेसे नाही. महापालिका दरवर्षी उद्यानात फुलांची प्रदर्शने भरवतात, तिथे औषधी म्हणून मांडलेल्या रोपांशेजारी ‘कोणी घेऊ नये’ ही ओळ असावी. कोणत्याही वनौषधीने त्रास झाल्याची शंका आली, तर भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर ते कळवता येते. हे काम फक्त डॉक्टरांचे नाही, नागरिकही ते करू शकतात. अशा नोंदी जमल्या तरच पुढच्या वादात अंदाजांऐवजी आकडे असतील.

वाचकांपुरते बोलायचे तर काम सोपे आहे. या नोव्हेंबरमध्ये बी जरूर पेरावे, मुलांना फूल उभे चिरून आतली पोकळी दाखवावी, ताटली दर आठवड्याला घासावी आणि फेब्रुवारीत चार जणांना बोलावून एक कप प्यावा. गोळ्या चालू असतील तर तो कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि तीन महिने झोप उडालेली असेल तर कुंडीकडे न पाहता सरळ दवाखान्याची वाट धरावी. सोबत फक्त गोळ्यांची नव्हे, तर घरी जे जे उकळून पितो त्याचीही यादी न्यावी.